कोल्हापुरात किती माजी सैनिक उघड्यावर झोपतात? आणि आपण काय करू शकतो?

करवीर_निवासी

आपला जिल्हा फौजेत पोरं पाठवणारा. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला सगळे सैनिक टाकळी म्हणतात, करवीर तालुक्यातल्या गिरगावाला सैनिक गिरगाव. चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडं तर भरतीची तयारी म्हणजे गावचा रोजचा कार्यक्रम. २६ जुलैला कारगिल विजय दिवस आणि ७ डिसेंबरला ध्वजदिन आपण मनापासून पाळतो.

असं असताना मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर, पंचगंगा घाटावर किंवा सीपीआर रुग्णालयाच्या आवारात रात्री झोपणाऱ्यांत एखादा माजी सैनिक असू शकतो, हे आपल्या डोक्यात का येत नाही?

आम्ही काही मित्र रात्री जेवणाची पाकिटं वाटतो. घाटावर एक आजोबा असतात. नाव विचारलं की मान फिरवतात, गाव विचारलं तर "लांबचं" म्हणतात. एकदा आमच्यातल्या एकानं सहज विचारलं, "आजोबा, नंबर काय होता?" तसे ते ताठ बसले आणि २७ पासून सुरू होणारा फौजेतला अख्खा नंबर, हुद्दा आणि पलटण एका दमात म्हणून मोकळे झाले. हातातलं पाकीट तसंच राहिलं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशी माणसं कोल्हापुरात किती आहेत हे कोणाला माहीत आहे का? आणि त्यांच्यासाठी नेमकं काय करता येईल? भाषण नको, काम सांगा.

रंकाळा_चौपाटी

फौजीला पेन्शन असते, कॅन्टीन असतं, दवाखाना असतो. तो बेघर होईलच कसा? जुनी हिरवी जर्सी घालून कोणीही फौजी म्हणवून घेतो. आधी खात्री करा, मग कळवळा दाखवा.

सुभेदार_निवृत्त

रंकाळा भाऊ, खात्री केलीच पाहिजे, तुमचं म्हणणं रास्त आहे. पण "फौजीला पेन्शन असते" हे अर्धंच खरं आहे.

जवानाला सेवा पेन्शन मिळायला साधारण १५ वर्षं भरावी लागतात. घरी आई आजारी, शेतीचा वाद, भावाचा मृत्यू अशा कारणानं नऊ-दहा वर्षांत स्वतः अर्ज करून घरी आलेली कितीतरी माणसं माझ्या बरोबरीची आहेत. त्यांना पेन्शन नाही. पेन्शन नाही म्हणून ईसीएचएसचा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) दवाखानाही सहसा नाही. टीएचंही (प्रादेशिक सेनेचंही) तसंच. टेंबलाई टेकडीवरच्या १०९ बटालियनमध्ये अनेकांनी चांगली सेवा केली, पण टीएत बोलावल्यावर जी सेवा होते तीच पेन्शनला धरतात. ती १५ वर्षं भरली नाही तर हात रिकामे.

तिसरा गट फार कमी लोकांना माहीत असतो. डोक्यानं आजारी पडला म्हणून घरी पाठवलेला जवान. "आजार सेवेमुळे नाही" असा शेरा बसला की अपंगत्व पेन्शन अडते. दहा वर्षांच्या आत घरी पाठवलेल्याला तर पूर्वी कुठलीच पेन्शन नसायची. ४ जानेवारी २०१९ ला किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांसाठी तो नियम सैल झाला, त्याआधीचे तसेच राहिले.

आणि ज्यांना पेन्शन आहे त्यांचीही बंद पडू शकते. आता पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाईन प्रणालीतून येते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला गेला नाही तर ती थांबते. घर सुटलेल्या माणसाकडं मोबाईल नाही, आलेला मेसेज वाचणारा कोणी नाही. पेन्शन थांबली की खोलीचं भाडं थकतं, भाडं थकलं की सामान बाहेर.

करवीर_निवासी

साहेब, घाटावरच्या आजोबांचं पहिल्या गटातलं निघेल असं वाटतंय. त्यांनी "मुदतीआधी आलो" एवढंच सांगितलंय.

सुभेदार_निवृत्त

मग त्यांच्यासाठी एक वाट आहे. वय ६५ च्या वर, हवालदार किंवा त्याखालचा हुद्दा, पेन्शन नाही आणि दुसरं नियमित उत्पन्न नाही, अशा माजी सैनिकाला संरक्षण मंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून महिन्याला मदत मिळते. पूर्वी ४,००० रुपये होती, १ नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झाली. अशा सैनिकाच्या विधवेलाही मिळते. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा, छाननी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून होते. मात्र माजी सैनिक असल्याचा कागद लागतो, आणि अशा माणसाकडं नेमका तोच नसतो.

मंगळवारपेठ_ते_ह्यूस्टन

इथलं थोडं सांगतो, कारण मी राहतो त्या शहरात या प्रश्नावर नेटानं काम झालंय.

अमेरिकेत २०१० मध्ये एका रात्रीच्या गणनेत सुमारे ७४ हजार माजी सैनिक बेघर सापडले होते. जानेवारी २०२४ च्या गणनेत आकडा ३२,८८२ होता. शून्य झाला नाही, पण निम्म्याहून खाली आला. ह्यूस्टननं २०१५ मध्ये जाहीर केलं की पुढं येणाऱ्या प्रत्येक बेघर माजी सैनिकाला घर देण्याची आमची व्यवस्था तयार आहे.

यामागं दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, आधी घर, बाकी नंतर. "दारू सोड, मग खोली देतो" असं नाही. सरकार भाड्याचा मोठा वाटा उचलतं, माणूस आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरतो, आणि माजी सैनिक खात्याचा एक कार्यकर्ता त्याच्याशी बांधलेला असतो. दुसरी, नावनिशी यादी. शहरातल्या सगळ्या संस्था एकच यादी वापरतात. कोण, कुठं झोपतो, कुठला कागद अडलाय, कोण पाठपुरावा करतंय. आकडा सगळ्यांकडं असतो. नाव असलं की मात्र कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

सॅन दिएगोत १९८८ मध्ये व्हिएतनाम युद्धातल्या माजी सैनिकांनीच तीन दिवसांचा तळ टाकला होता. एकाच मैदानात दाढी-कटिंग, डॉक्टर, वकील, कपडे, जेवण. पुढं ती पद्धत अमेरिकेतल्या इतर शहरांत पसरली. आपल्याकडं दसरा चौकात हे करायला काय हरकत आहे?

शिरोली_एमआयडीसी

मला हा धागा वाचताना एक गोष्ट खटकली. फक्त फौजीच का? माझ्या ओळखीतला मोल्डर, तीस वर्षं फौंड्रीत भट्टीसमोर उभा राहिला. फुप्फुसं गेली. ठेकेदाराकडं असल्यामुळं ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी. आज तोही मंदिराच्या कट्ट्यावर झोपतो. ऊसतोडीला आलेली आणि परत न गेलेली म्हातारी माणसं आहेत. त्यांना कोणता नंबर विचारणार?

शाहूनगरी

शिरोली +१. शाहू महाराजांनी या शहरात वसतिगृहं काढली ती एका जातीसाठी काढली आणि थांबले असं केलं नाही. एकामागून एक समाजाची उभी राहिली. निवारा सगळ्यांचाच हवा.

करवीर_निवासी

शिरोलीदादा, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मोल्डर आधी की हवालदार आधी असं मी म्हणत नाही. पाकीट देताना आम्ही कोणाला काही विचारत नाही.

पण ज्याच्या नावावर आधीच काहीतरी मंजूर आहे आणि केवळ कागदामुळं मिळत नाही, त्याला ते मिळवून दिलं तर निवाऱ्यातली एक खाट तुमच्या मोल्डरला मोकळी होते. मोल्डरचंही बघू. ६५ च्या आत असतील तर संजय गांधी निराधार, वर असतील तर श्रावणबाळ, दोन्हीत महिना १,५०० रुपये आहेत. उत्पन्नाचा दाखला आणि आधार आहे का विचारा, तहसीलला मी येतो.

भुदरगडची_लेक

बरेच दिवस फक्त वाचते, आज लिहिते. हे लिहायला मला सोपं नाही.

माझे वडील फौजेत होते. पूर्ण सेवा, पूर्ण पेन्शन. आज ते आमच्याबरोबर राहत नाहीत आणि बरीच वर्षं कुठं आहेत हे आम्हाला ठाऊक नाही. अशा धाग्यावर कोणीतरी लगेच लिहितं, "पोरांनी बापाला घराबाहेर काढलं." म्हणून आमची बाजू सांगते.

सुट्टीवर यायचे तेव्हा ते गावातले सगळ्यात देखणे होते. मला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचे. कायमचे घरी आले आणि महिन्याभरात घर गप्प झालं. रात्री उठून दाराची कडी तपासायचे. पुन्हा पुन्हा. कुकरची शिट्टी झाली की ताट भिरकावायचे. मग दारू. आईचा हात मोडला तेव्हा मी दहावीत होते. आईनं चार लोकांत सांगितलं नाही, कारण "मिलिटरीवाल्याची बायको" म्हणून तिला मान होता आणि तो मान तिला जपायचा होता. शेवटी मामा येऊन आम्हाला घेऊन गेला. त्यानंतर त्यांनी घर विकलं. पैसे कुठं गेले ते माहीत नाही.

मला त्यांचा राग आहे. आणि ते कुठंतरी उपाशी झोपत असतील या विचारानं मला झोपही लागत नाही. दोन्ही खरं आहे. तुम्ही त्यांच्यासाठी खोली शोधाल, पेन्शन सुरू कराल, मी हात जोडते. पण "कुटुंबाशी पुनर्मीलन" असा फोटो काढायला आमच्या दारात आणू नका. आधी आम्हाला विचारा.

सुभेदार_निवृत्त

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. पोरगी म्हणूनच सांगतो, तुमच्या आईनं जे केलं ते योग्य होतं.

आम्हाला भरतीच्या दिवसापासून चालायचं, बोलायचं, झोपायचंसुद्धा शिकवलं गेलं. घरी परत कसं राहायचं हे शिकवलं नाही. निवृत्तीआधी जे प्रशिक्षण मिळतं ते नोकरीचं असतं, सिक्युरिटी, ड्रायव्हिंग, कॉम्प्युटर. रात्री कडी तपासणाऱ्या माणसाचं काय करायचं हे त्याच्या बायकोला कोणी सांगत नाही. माझ्या पलटणीतले काही जण असेच विस्कटले. जे सावरले त्यांना कोणीतरी वेळेवर मानसोपचाराच्या डॉक्टरकडं नेलं होतं.

तुमची हरकत नसेल तर वडिलांचा नंबर आणि पलटण मला व्यक्तिगत निरोपात कळवा. तुमचं नाव कुठंही येणार नाही.

भुदरगडची_लेक

कळवते, काका.

कोर्ट_कचेरी

वकील आहे म्हणून एक माहिती देते. माझ्याकडं येणाऱ्या ज्येष्ठांत माजी सैनिकांचा एक ठरलेला प्रकार असतो. निवृत्तीच्या पैशातून घर बांधलं, मुलाच्या नावे बक्षीसपत्र केलं आणि दोन वर्षांत बाहेर. ही माणसं कोर्टात यायला तयार नसतात. "पोराविरुद्ध कागद करायचा?" म्हणून उठून जातात.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात यासाठी कोर्ट लागत नाही. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात साधा अर्ज करता येतो, वकीलही नको. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. कलम २३ प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळ झाला नाही तर परत मागता येतं. मात्र ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असेल तर काम सोपं होतं. म्हणून ज्यांचे वडील सध्या बक्षीसपत्राच्या विचारात आहेत त्यांनी सही आधी हे वाक्य त्यात घालून घ्या. ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ आहे.

भुदरगडच्या ताई, तुमचा मुद्दा वेगळा आहे हे मला समजतं. मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये.

नादखुळा_कागल

२०२० पासून माजी सैनिकाला आपल्या राज्यात घरपट्टी माफ आहे. चांगली योजना, आमच्या घरी लागू झाली. पण ज्याला घरच नाही त्याला काय माफ करणार?

अवांतर: आमचे आजोबा आर्टिलरीतले. वय ८० च्या पुढं, पहाटे पाचला अख्ख्या घराला उठवतात. नातसुनेनं पहिल्याच दिवशी चहा सहाला दिला तर म्हणाले, "मुली, एक तास लेट रिपोर्ट." ती आता साडेचारला उठून त्यांनाच उठवते. आजोबा खूश आहेत, घरातले बाकीचे नाहीत!

शाहूनगरी

😀 आमच्याकडं पण सेम. आणि ती काळी पत्र्याची ट्रंक? पांढऱ्या रंगात नाव-नंबर लिहिलेली?

नादखुळा_कागल

आहे की! कुलपाची किल्ली जानव्याला... नाही, करदोट्याला. आत डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), मेडल, आजीचा एक फोटो. कोणी हात लावायचा नाही.

शिरोळ_नदीकाठ

ट्रंकेवरून आठवलं, आणि हे अवांतर नाही. २०१९ च्या पुरात आमच्याकडं अशा किती ट्रंका पाण्यात गेल्या बघा. २०२१ ला परत. माझ्या चुलत्यांच्या डिस्चार्ज बुकाची पानं एकमेकांना चिकटून लगदा झाली. उन्हात वाळवली तर शाई उडाली. फक्त शिक्का कळत होता.

परत कागद मिळाला तो असा. आधी पोलीस ठाण्यात गहाळ-नष्ट झाल्याची नोंद, मग प्रतिज्ञापत्र, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. डिस्चार्ज बुकाऐवजी सेवेचा दाखला येतो, त्यावर काम चालतं. चुलत्यांना नंबर पाठ होता म्हणून वाचले. रेकॉर्ड ऑफिस नंबरावरच शोधतं, नावावर नाही. एकाच नावाची माणसं कितीतरी असतात.

पूरग्रस्तांची घरं पडली, भरपाई नावावर जागा असणाऱ्याला मिळाली. भाड्यानं राहणारे, भावाच्या घराच्या पडवीत राहणारे कुठं गेले कोणी विचारलं नाही. त्यातले काही कोल्हापुरात आले असणार.

गडहिंग्लज_एक्सप्रेस

हे सगळं जुन्या लोकांचं झालं. अग्निवीरांचं काय? २०२२ ला योजना आली, चार वर्षं सेवा, चारातला एक कायम होणार, बाकीचे सुमारे पावणेबारा लाख घेऊन घरी. पेन्शन नाही. आमच्या भागातली पोरं त्यात आहेत.

रंकाळा_चौपाटी

पंचविशीत पावणेबारा लाख म्हणजे कमी नाही. धंदा करता येतो.

गडहिंग्लज_एक्सप्रेस

येतो की. पण त्यातले निम्मे बहिणीच्या लग्नाला आणि विहिरीला जातील हे तुम्हालाही माहीत आहे. मी योजनेला शिव्या देत नाही. वीस वर्षांनी हाच धागा परत काढायला लागू नये एवढंच म्हणतो.

करवीर_निवासी

अग्निवीरांचा वेगळा धागा काढा, मी नक्की येतो. इथं आज रात्री बाहेर झोपलेल्यांचं बोलू.

निवारा_ताई

मी बेघर निवाऱ्यात काम करते. मूळ प्रश्नाला उत्तर देते: किती माजी सैनिक आहेत हे सांगता येत नाही, कारण कोणी विचारत नाही. नोंदवहीत नाव, वय, गाव, आजार, आधार आहे की नाही, एवढंच असतं. पूर्वी काय काम करत होता असा रकाना आहे, त्यात बहुतेक ठिकाणी "मजुरी" लिहिलेलं असतं.

आणि ते स्वतःहून सांगत नाहीत. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. हमाल सांगतो मी हमाल होतो, आचारी सांगतो मी आचारी होतो. फौजी सांगत नाही. एका बाबांची मला शंका आली ती त्यांच्या अंथरुणावरून. सकाळी घोंगडी अशी घडी घालायचे की चारी कोपरे जुळलेले, चपला खाटेखाली सरळ रेषेत. विचारलं तर म्हणाले, "कोणाला सांगू नका. पलटणीचं नाव खराब होतं."

दुसरं. शहरी बेघरांच्या योजनेत एक लाख लोकसंख्येमागं किमान १०० जणांचा निवारा असा निकष घातलेला होता. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर साडेपाच लाखांच्या आसपास होतं, म्हणजे त्या हिशोबानं साडेपाचशेच्या आसपास खाटा लागतात. आहेत का, तुम्हीच बघा. आणि निवारा म्हणजे घर नाही. आठ हजार महिना सुरू झाला तर उपनगरात एक खोली आणि डबा होऊ शकतो. म्हणून सुभेदारकाका सांगतात त्या कागदाची किंमत मोठी आहे.

एक विनंती. पहिल्याच दिवशी "तुम्ही सैनिक होता का?" असं मोठ्यानं, चारचौघांत विचारू नका. शेजारी बसा, चहा द्या, नंबर विचारा. आणि फोटो काढू नका.

मंगळवारपेठ_ते_ह्यूस्टन

ताई, तुमच्या वहीत फक्त एक रकाना वाढवला तरी यादी सुरू झाली. इथंही मूळ तेच आहे. दसरा चौकाचा तळ नंतर करू.

रंकाळा_चौपाटी

माझं महा ई-सेवा केंद्र आहे. हयातीचा दाखला आता चेहरा दाखवूनही निघतो, बोटांचे ठसे उठत नसतील तरी चालतं. बेघर माजी सैनिकाला तुम्ही घेऊन या, मी पैसे घेणार नाही. आधारचा पत्ता नसेल तर निवाऱ्याचं पत्र लागेल, ते निवारा ताईंनी द्यावं. कल्याण निधीचा ऑनलाईन अर्जही भरून देतो. पण सुभेदारसाहेबांनी खात्री केलेला माणूस पाहिजे, हे माझं अजून कायम आहे.

सुभेदार_निवृत्त

मंजूर. खात्री माझ्याकडं. खोट्या माणसाला दोन प्रश्नांत ओळखतो: ट्रेनिंग कुठं झालं आणि उस्ताद कोण होते.

कोर्ट_कचेरी

प्रतिज्ञापत्रं मी करून देते.

शिरोली_एमआयडीसी

मोल्डरकाकांना घेऊन तहसीलला जायचं आहे. करवीर, गुरुवारी जमेल का? आणि उपनगरात खोली बघायची असेल तर आमच्या चाळीत एक रिकामी आहे. मालक अनामत घेतात, ती आम्ही काही जण मिळून भरू. फौजी येवो की कामगार, आमची हरकत नाही.

करवीर_निवासी

गुरुवारी येतो. घाटावरच्या आजोबांना काल परत भेटलो. पोलीस ठाण्यात जायचं म्हटल्यावर घाबरले, "काय केलंय मी?" म्हणाले. सुभेदारसाहेब, तुम्ही बरोबर आलात तर येतील. अर्ज बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसलाच पाठवायचा ना?

सुभेदार_निवृत्त

येतो, सकाळी दहाला बिंदू चौकात थांबा. नंबर २७ चा आणि पलटण मराठा म्हणतात तर बेळगाव बरोबर. पण बाकीच्यांनी सगळे अर्ज बेळगावला पाठवू नका, महिने वाया जातात. तोफखान्यातला असेल तर नाशिक रोड कॅम्प, ईएमईचा (यंत्रदुरुस्ती दलाचा) असेल तर सिकंदराबाद, बॉम्बे सॅपर्सचा (अभियंता दलाचा) असेल तर खडकी. आधी पलटण नीट विचारून घ्या.

निवारा_ताई

काका, आमच्याकडचे घोंगडीवाले बाबा काल बोलले. महार रेजिमेंट म्हणतात. तो अर्ज कुठं?

सुभेदार_निवृत्त

सागर, मध्य प्रदेश. नंबर लिहून घेतला का?

निवारा_ताई

घेतला. वहीत नवा रकाना केला, त्यात पहिला तोच आहे.